वाघोलीतला न हलणारा काटा

मी एक जुना प्रेशर गेज आहे, मित्रांनो. बशीएवढी तबकडी, पितळी मान आणि एक काळा काटा, एवढाच माझा संसार. पण तोरा विचारू नका! पाइपात किती दाब आहे, ते मी तोंडावर सांगतो. शेवटी पुण्याचा आहे.

भोसरीच्या एका शेडमध्ये मी घडलो आणि वाघोलीच्या कारखान्यात बारा वर्षं पाइपांची परीक्षा घेत आलो. कधी डेअरीचे पाइप, कधी साखर कारखान्याचे. मग एक दिवस बातमी आली आणि मला कोण आनंद झाला! शेजारच्या देशात गॅस नेणारी मोठी पाइपलाइन बांधली जात होती, आणि सीमेवरच्या स्टेशनचे पाइप आमच्याकडे जोडले जाणार होते. चार महिने कारखान्यात नुसती लगीनघाई होती.

जोडणीचे प्रमुख होते कोंडीरामकाका. मूळचे वाघोलीचेच, हात सोन्यासारखा. तपासणीला होती विश्रांतवाडीची कल्याणी. आजवर ती साहेबांच्या हाताखाली काम करायची. या वेळी चाचणीच्या प्रमाणपत्रावर तिची एकटीची सही होणार होती.

काकांच्या मनात एकच होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रक निघायचा, खरंखुरं सीमोल्लंघन! म्हणून चाचणी खंडेनवमीलाच ठेवली. सकाळी हत्यारांची पूजा झाली. मलाही ताटात आडवं ठेवून हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, पाइपापाशी नारळ फोडला. मी फुशारून गेलो होतो. तेवढ्यात अक्षतेचा एक दाणा माझ्या तळाच्या बारीक भोकात गेला. पूजेचं झटकू नये म्हणून कोणी मला पुसलंही नाही. तसाच उचलून पाइपावर बसवला.

पाइपात पाणी भरून दाब चढवला. माझा काटा शंभरावर गेला. आता चार तास तो खाली येता कामा नये. पण आत तो दाणा भिजून फुगला आणि माझा घसाच बंद झाला. पाइपात काय चाललंय, मला कळेना. काटा शंभरावर गप्प उभा. माणसं माझं कौतुक करत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चार तास भरले. काका पेन घेऊन आले.

"काटा तसूभर हलला न्हाई. सही करा, ताई. ट्रक दारात उभा हाय."

कल्याणीने पेन घेतलं, पण सही केली नाही. एवढं ऊन पाइपावर तापतंय, तर काटा थोडा वर तरी चढायला हवा होता, असं ती म्हणाली. मग ती वाकली. एका जोडाखाली ओल होती.

"नारळाचं पाणी हाय ते," काका म्हणाले.

"काका, ऑक्टोबरच्या उन्हात नारळाचं पाणी चार तास ओलं राहतं होय?"

तिने माझ्याखालची चावी बंद करून मला उतरवलं, तार घालून घसा मोकळा केला. पिवळा दाणा तिच्या तळहातावर पडला. पुन्हा बसवून चावी उघडल्यावर माझा काटा शून्यावरून झरझर चढला, पण ऐंशीवरच थांबला. खरं बोलता आल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता!

काकांनी तो जोड स्वतः कापला, स्वतः पुन्हा जोडला. मुहूर्त हुकला. दोन दिवसांनी फेरचाचणीत मी उन्हाबरोबर हलत राहिलो, पण शंभराखाली गेलो नाही, तेव्हाच कल्याणीने सही केली. यंदा सीमेपलीकडच्या गावात गॅस पोहोचला. पहिल्या शेगडीवर चहा ठेवल्याचा व्हिडिओ काकांनी सगळ्या कारखान्याला दाखवला.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण नंतर आम्हाला पुसा, तपासा. आणि आम्ही तुमच्या मनासारखंच बोलू लागलो, तर सही करण्याआधी एकदा आमचा घसा बघा.