दोन बिऱ्हाडांमधली आडभिंत

मित्रांनो, मी एक जुनी, प्लायवूडची आडभिंत आहे. आपले वृत्त सांगणाऱ्याने आधी आपली थोरवी सांगावी, असा प्रघात आहे. माझ्या पदरी थोरवी नाही, लाज आहे. म्हणून तिथूनच आरंभ करते.

मला घडवताना सुतार सारखा मान हलवत होता. कपाटाला शोभेल असा माल या कामाला कशाला, असे त्याने मालकाला विचारलेही. मालक नुसता हसला. त्याची खोली एकच होती आणि तिची त्याला दोन भाडी हवी होती. त्याने मला मधोमध ठोकून घेतले. जागा बोटभरही वाढली नाही. भाडे तेवढे वाढले. माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "सोन्याची आहेस तू." आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव शाबासकी. ती आठवली, की आजही माझे पापुद्रे आक्रसतात.

खिडकी एका बाजूला गेली, अंधार दुसऱ्या. खिडकीकडे इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणारी एक बाई आणि तिची लहान मुलगी राहत. अंधाराकडे रात्रपाळीचा एक पहारेकरी. दोन्ही बिऱ्हाडे किमान वेतनावर चालत. मित्रांनो, इथली विसंगती नीट पाहा. मजुरी याहून खाली जाऊ नये, अशी रेघ कोणीतरी आखली होती; भाडे याहून वर जाऊ नये, अशी रेघ आखायला मात्र कोणाला सवड झाली नव्हती. म्हणून अख्खी खोली दोघांपैकी एकालाही परवडत नसे.

मी छतापर्यंत पोहोचत नव्हते. वरच्या मोकळ्या जागेत एकच दिवा टांगलेला होता, दोन्हीकडे उजेड पाडणारा. बटण मात्र बाईच्या बाजूला. संध्याकाळी पहारेकरी उठे आणि माझ्यावर दोनदा टकटक करी. मुलगी पलीकडून दिवा लावी आणि मामांनी दाढी कालसारखी अर्धवट करू नये, असे बजावी. "अर्ध्या खोलीत अर्धीच व्हायची, बाळ," तो म्हणे. तो बाईला ताई म्हणे, ती त्याला दादा. तेव्हा मला वाटे, आपण आड आलो खरे, पण निदान निरोप तरी पोहोचवतो.

एकदा नगरपालिकेचे तपासनीस येणार अशी कुणकुण लागली. मालकाने दोघांना पढवले: आम्ही सख्खी भावंडे, बिऱ्हाड एकच, आडोसा मुलीच्या अभ्यासापुरता. बिंग फुटले तर डोक्यावरचे छप्पर जाईल, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

तपासनीस आले. विचारले त्याची उत्तरे दोघांनी न अडखळता दिली. निघता निघता ते अंधाऱ्या बाजूला डोकावले आणि त्यांनी पहारेकऱ्याला जरा दिवा लावायला सांगितले. त्याचा हात आपसूक उचलला गेला. टक, टक. पलीकडून दिवा लागला.

तपासनीस क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "बहिणीच्या घरात दिव्यासाठी भिंत वाजवावी लागते होय?"

पुरावा माझ्याच अंगातून निघाला होता. मग त्यांनी तपासणीचा कागद काढला आणि सौम्यपणे समजावले, की माणसांना अशा कोंदट जागेत ठेवणे नियमात बसत नाही. आडभिंत उतरवावीच लागेल.

"खरं आहे, साहेब," पहारेकरी म्हणाला. "मग आम्ही राहायचं कुठे, तेही त्याच कागदावर लिहा."

त्या कागदात तसा रकाना नव्हता.

मला उतरवले. मालकाने दंड भरला आणि तो वसूल व्हावा म्हणून अख्ख्या खोलीचे भाडे आधीच्या दोन्ही भाड्यांहून अधिक सांगितले. बोचके बांधताना बाई म्हणाली, "दादा, भिंत होती तोवर शेजारी तरी होतो." मी जिन्याखाली टेकून होते. जाताना मुलीने सवयीने माझ्यावर दोनदा टकटक केली. कुठेच काही उजळले नाही.

उभी होते तेव्हा माणसांना कोंडल्याची लाज वाटे. आडवी झाले तेव्हापासून त्यांना उघड्यावर घातल्याची वाटते. मित्रांनो, उद्या तुमच्यातले काही जण नियम लिहितील. माझ्यासारखीला पाडण्याचा नियम जरूर लिहा; पण त्याआधी किमान वेतनात भाडे भागेल अशी खोली उभी करा. हा क्रम चुकवू नका, आणि लवकर करा. कारण मालक अधूनमधून येऊन माझ्यावरची धूळ पुसतो, आणि त्या खोलीतली माझ्या खिळ्यांची भोके त्याने अजून बुजवलेली नाहीत.