गार बसलेला काटा

मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे; शाळेच्या व्हॅनमधला, इंजिन किती तापले ते दाखवणारा. कारखान्यातल्या बाईंनी चिमट्याने मला तबकडीवर बसवले, तेव्हाच मला शंका आली की या मला केसभर वाकडे बसवताहेत. तेव्हापासून, मित्रांनो, मी कोणाचाच भरवसा धरत नाही.

एकदा चढणीवर मी वेळीच लाल रेघेकडे धावलो आणि इंजिन वाचले. चालककाकांनी माझे केवढे कौतुक केले! पुढे वर्षे सरली आणि माझी काच पुसायचेही कोणाला सुचेना. कामापुरता मामा, दुसरे काय!

गेल्या महिन्यात इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची नळी फुटली. गॅरेजवाल्या मावशींनी नवी बसवली, पाणी काठोकाठ भरले आणि इंजिन चालू ठेवले. एवढ्या झटपट काम झाले? मला मावशींचाही संशय आला. पण मी मात्र खालीच होतो, गार.

“काटा बघा, जागचा हलत नाही,” काका म्हणाले. “निघतो मी. शाळा सुटेल आता. बारा पोरांना घेऊन घाट चढायचाय.”

“थांबा. आधी हीटर लावा.”

“या उकाड्यात? उगाच काम वाढवताय, मावशी.”

“लावा तर खरं!”

हीटरमधून गार वारा आला. मावशींनी इंजिनाजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला.

“हीटरला ऊब मिळते ती इंजिनाच्या पाण्याचीच. इंजिन भाजतंय आणि हीटर गार. म्हणजे पाणी फिरतच नाहीये. आत हवा अडकलीये.”

“मग काटा कसा चढला नाही?”

“त्याला उष्णता कळवणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असावा लागतो. तो हवेत लोंबकळत असेल, तर काट्याला काय कळणार बिचाऱ्याला?”

बिचारा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशींनी हाताला जाड फडके गुंडाळले, तोंड बाजूला केले आणि नळीवरचा हवा सोडायचा स्क्रू जरासा सैल केला. फुस्स करून हवा सुटली, पाणी सेन्सरला भिडले आणि मी एका उडीत लाल रेघेपाशी गेलो. मावशींनी ताबडतोब इंजिन बंद करायला लावले.

काका माझ्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त स्वतःवर घ्यायचा राहून गेला. मला फार लाज वाटली.

काकांनी शाळेत फोन लावला. “पोरांना आतच बसवा. मला उशीर होईल.”

इंजिन निवल्यावर, उरलेली हवा वर येऊन निघावी म्हणून मावशींनी पुढची चाके फळ्यांवर चढवली. पुन्हा पाणी भरले, पुन्हा बुडबुडे काढले. हीटरचा वारा गरम आला, तेव्हा काकांनी स्वतः त्यापुढे हात धरून पाहिला आणि मगच ते निघाले. मुले रुसली होती. कोणी काकांना नावेही ठेवली.

मित्रांनो, तुमची गाडी कधी उशिरा आली, तर चिडण्याआधी कारण विचारा. आणि दुरुस्तीनंतर नुसत्या काट्यावर विसंबू नका, असे घरी सांगा. मी त्या दिवशी लबाडी केली नव्हती. मला वाटत होते तेच मी अगदी मनापासून सांगत होतो, आणि माझ्या त्या शब्दावर बारा मुले घाट चढणार होती.