यादीत एकच नाव

टाय १९८१ सालचा. गाठ मारूनच खुंटीला टांगलेला, म्हणजे दर वेळी बांधायला नको.

जिन्यात कांद्याची सालं. वारा आला की एका पायरीवरून खालच्या पायरीवर.

भोकाचं माप तपासायच्या गेजला दोन टोकं असतात. एक टोक भोकात गेलंच पाहिजे. दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं की माल भंगारात, आणि मालाला कोणी कारण सांगत बसत नाही.

चंद्रभागा, गॅलरीतून खाली वाकून : "वापर गं. त्यात काय विचारायचं?"

हिरवा दिवा. हिरवा दिवा. हिरवा दिवा.

"सर, राउटर बंद करून परत चालू केलात का?"

रंगनाथ कोठावदेने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. एवढ्या अंतरावरूनही नेट कंपनीच्या बाईंचा आवाज तितकाच मूर्ख वाटत होता.

"चार वेळा केला," तो म्हणाला.

"मग लॅपटॉपला डायरेक्ट वायर लावून बघा ना सर."

"वायरचा सॉकेट मोडलेला आहे. पुतण्याचा जुना लॅपटॉप आहे हा. हे मी मघाशी तुमच्याच एका माणसाला सांगितलं."

"ओके सर. मग राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून रीसेट करा. पण मग लाइनची माहिती नव्याने भरायला आमचा माणूस पाठवावा लागेल. उद्या अकरा ते पाच."

"मला आज तीन वाजता पाहिजे."

"उद्या अकरा ते पाच, सर."

त्याने फोन ठेवला. अकरा ते पाच. म्हणजे दोन वाजता, अधिक-उणे तीन तास. सातपूरला टूलरूममध्ये एकतीस वर्षं तो एक शतांश मिलिमीटरवरून माणसांना घाम फोडत आला होता. एवढी सूट त्याने पोळपाटाला दिली नसती.

बुधवार होता. पावणेदोन वाजले होते.

तीन वाजता बडोद्याची कंपनी त्याला पडद्यावर बघणार होती. व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी. तिला तपासणीसाठी सल्लागार हवा होता, आणि तिच्या जपानी भागीदारांना माणूस समोर दिसायला हवा होता, हातात ड्रॉइंग धरून बोलताना. रंगनाथला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. दूधवालासुद्धा लिटर की अर्धा लिटर हे त्याच्या बायकोला, चंद्रभागेला विचारायचा. म्हणून बडोद्याची गोष्ट त्याने दूधवाल्याला सांगितली, मेहुण्याला सांगितली, औषधाच्या दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली.

आणि रविवारी त्याने स्वतःच्या घराला कुलूप लावून घेतलं.

त्याचं असं झालं. रविवारी नेट हळू चाललं होतं. हळू म्हणजे कोणीतरी चोरतंय. याला पुरावा लागत नाही, बिल्डिंगमधली माणसं पाहिली की पुरे. त्याने राउटरचं पुस्तक काढलं. राउटरला यादी देता येत होती. प्रत्येक लॅपटॉपला स्वतःचा एक बारा आकडी-अक्षरी क्रमांक असतो, तो यादीत लिहायचा आणि पहारा बसवायचा. रंगनाथने एकच क्रमांक लिहिला, स्वतःचा. मग जुना पासवर्ड काढून टाकला. कुलपावर कुलूप बावळट लावतात. 'सेव्ह' दाबलं आणि खुर्चीत मागे रेलून बसला. तेव्हापासून त्याचा लॅपटॉप आत जाऊ शकला नव्हता.

सव्वादोन वाजता, पान एकेचाळीसवर, त्याला ते सापडलं. यादीच्या खाली दोन गोल होते. पहिला : फक्त यादीतल्यांना येऊ द्या. दुसरा : यादीतले सोडून सगळ्यांना येऊ द्या. राउटर खोक्यातून निघाला तेव्हा ठिपका दुसऱ्या गोलात होता. रंगनाथने तो हलवला नव्हता. बारीक अक्षरातल्या सूचना फिटर लोकांसाठी असतात असं तो मानत आला होता.

चंद्रभागा भेंडी चिरत होती. त्याने तिला सांगितलं नाही. तो मोठ्याने वाचत होता तेच तिने ऐकलं.

"म्हणजे आख्ख्या बिल्डिंगला दार उघडं, आणि घरधन्यालाच मनाई?"

"सेटिंग चुकलंय."

"कोणाचं?"

"राउटरचं."

"अगंबाई," ती म्हणाली आणि पुढची भेंडी घेतली.

आता आत शिरायचं तर यादीत नसलेला लॅपटॉप हवा. मेहुणा शेखर पंचवटीत राहायचा, जाऊन येण्यात तास गेला असता. सायबर कॅफेत जाऊन काही होणार नव्हतं, राउटर घरात होता. राहिली बिल्डिंग. रंगनाथकडे बिल्डिंगची वही होती. तपासणीच्या कागदावर रकाने आखतात तसे रकाने आखलेली.

तळमजला, वाघ. स्कूटर फाटकात आडवी लावतात. दोनदा समज दिली. नाकारले.

पहिला मजला, भामरे. नामपूरकडचे. कांद्याचा व्यापार. दारात चपला अकरा, माणसं तीन. फोनवर ओरडून बोलतात. लॅपटॉप आहे (कशाला?). नाकारले.

तिसरा मजला, रिकामा. समाधानकारक.

त्याने वही मिटली, टाय खुंटीवरून काढून गळ्यात अडकवला, कारण टाय घातलेला माणूस मागायला आलाय असं वाटत नाही, आणि जिना उतरला. सालं पायाने बाजूला सारत.

दार भाग्यश्री भामरेने उघडलं. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, हातात फोटोंचं एक छोटं पाकीट आणि गोंदाची बाटली.

"हाव आई, चौथं पान शे," ती फोनमध्ये म्हणत होती. "वरला काका येल शेतस. मंग फोन करस." तिने फोन ठेवला. "सासूबाई होत्या, नामपूरहून. या ना काका. हे मार्केटला गेलेत, लिलाव आहे आज."

बी.कॉम. झालेली बाई आणि 'शे' म्हणते, रंगनाथच्या मनात आलं. त्याची स्वतःची आई सटाण्याची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने तो अहिराणी 'शे' जिभेवरून कानशीने घासावा तसा घासून काढला होता. भाग्यश्रीचा शब्दन् शब्द त्याला कळला होता, आणि त्याचाही त्याला राग आला.

"तुमच्या लॅपटॉपचं जरा काम होतं," तो उभ्यानेच म्हणाला. "माझ्या नेटचं काहीतरी चोरीचं प्रकरण आहे. ते तपासायचंय."

"चोरी?" ती म्हणाली. "अहो काका, मीच वापरतेय तुमचं नेट. रविवारपासून पासवर्डच नाही ना त्याला. आमचं अजून महिनाभर येत नाही म्हणे. काकूंना विचारलं मी, त्या म्हणाल्या वापर."

चोराने असं बोलू नये. रंगनाथने खाली येताना चार वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही आता कुठे बसेना.

"रविवारच्या आधी?"

"आधी कसं वापरणार? पासवर्ड होता की."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शेजारी मार्कशीट, जातीचा दाखला, पाण्याचा तांब्या. पडद्यावर बँकेच्या भरतीचा अर्ज, सहा पानांपैकी चौथं पान. खुर्चीवर उशी ठेवली होती, म्हणजे ती बराच वेळ बसलेली होती.

"मला तीन वाजता बडोद्याचा इंटरव्ह्यू आहे," रंगनाथ म्हणाला. "जपानी लोक असणार आहेत."

"हो का? वा! काकू बोलल्या होत्या." तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "मग बसा ना. फक्त माझी ती खिडकी बंद नका करू हं. सकाळपासून तिसऱ्यांदा चौथ्या पानावर आलेय. मधे नेट गेलं की सगळं पहिल्यापासून भरायला लावतं. आणि आज शेवटची तारीख आहे, पाच वाजेपर्यंत. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही."

रंगनाथ बसला. उशी काढून बाजूला ठेवली. राउटरचा पत्ता टाइप केला, नाव, पासवर्ड. आतलं पान उघडलं. इतकं सहज उघडलं की त्याने क्षणभर हात मांडीवर ठेवले. तीन दिवस तो ज्या दाराबाहेर ताटकळला ते दार कांद्याच्या घरातून एका बोटाने उघडत होतं.

यादी. यादीत एकच क्रमांक. खाली दोन गोल. त्यांच्याही वर एक चौकोन, त्यातली खूण काढली की पहाराच उठतो, मग कोणीही येवो, कोणीही जावो. ही तिसरी वाटही पान एकेचाळीसवर होती. त्याने ती वाचली होती.

"काका, दहा मिनिटं थांबता का?" भाग्यश्री त्याच्या मागे उभी होती. "अडीचच झालेत. पाचवं नि सहावं पान छोटंच आहे. तेवढं जाऊ दे, मग तुम्ही तुमचं करा."

रंगनाथने घड्याळ पाहिलं. दोन वाजून बत्तीस मिनिटं. दहा मिनिटं थांबला असता तर दोन बेचाळीस. वर जायला एक मिनिट, कॅमेरा लावायला पाच. हिशोब बसत होता. मापात बसत होता. पण उद्या बँकेत ही बसणार. गळ्यात कार्ड, काचेपलीकडे बसून लोकांना अकरा ते पाच सांगणार. आणि आपण मागच्या खुर्चीत टाय घालून दहा मिनिटं थांबायचं, कांद्याचा अर्ज जाईपर्यंत.

"मला तयारी करायची असते," तो म्हणाला. "जपानी लोकांना उशीर चालत नाही."

"उशीर कुठे होतोय, काका..."

त्याने ठिपका दुसऱ्या गोलातून पहिल्या गोलात नेला. फक्त यादीतल्यांना येऊ द्या. 'सेव्ह' दाबलं.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या उभ्या रेघा एकेक करून विझल्या. त्याने तिच्या अर्जाची खिडकी बंद केली नव्हती. ती तशीच होती, चौथं पान, तिचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. भाग्यश्रीने पुढे वाकून खालचं बटण दाबलं. पान पांढरं झालं.

तिने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला त्याच्यापुढे ठेवला.

"तुमच्या यजमानांना सांगा, स्वतःचं कनेक्शन लवकर लावून घ्या म्हणावं," रंगनाथ उठत म्हणाला. "दुसऱ्याच्या नेटवर अर्ज भरत नसतात."

"घेणार आहोत ना," ती म्हणाली. "तुमचं झालं ना काम? मग जा काका. तीन वाजतील."

पेला त्याने उचलला नाही.

वर आल्यावर लॅपटॉप पहिल्याच दमात आत गेला. पाच रेघा, पाचही भरलेल्या. रंगनाथने ड्रॉइंगची गुंडाळी सरळ केली, कोपऱ्यांवर चार गेज ठेवले, टायची गाठ वर सरकवली. कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं. मागे भेंडीची परात दिसत होती. त्याने चंद्रभागेला ती उचलायला सांगितलं.

ती परात घेऊन गॅलरीत गेली. खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

"अगं, या उन्हात कुठे?" चंद्रभागेने वरून विचारलं.

"सायबर कॅफेत, काकू."

"का? नेट आहे ना?"

स्कूटी फाटकातून वळली. भाग्यश्रीच्या पायात घरातल्या रबरी चपला होत्या आणि कागदांची फाइल तिने हँडलवर एका हाताने दाबून धरली होती. चंद्रभागा आत आली. परात तिने पुन्हा तिथेच ठेवली, कॅमेऱ्यात बरोबर मधोमध, आणि रंगनाथकडे पाहत उभी राहिली.

"ती परात," तो म्हणाला.

"दिसू दे," ती म्हणाली.

तीन वाजले. तीन वाजून सात मिनिटं झाली. तो ताठ बसून होता, नजर कॅमेऱ्याच्या ठिपक्यावर. मेल उघडून बघावा असं त्याला एकदा वाटलं, पण ऐन इंटरव्ह्यूच्या वेळी पत्रं चाळत बसणं त्याला हलकेपणाचं वाटलं. पाचही रेघा भरलेल्या होत्या. जपानी लोकांबद्दल त्याचं मत हळूहळू बदलू लागलं.

बडोद्याच्या कंपनीचा मेल सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आला होता. जागा भरली गेल्यामुळे बुधवारचा कॉल रद्द करण्यात येत आहे, असं त्यात दोन ओळींत लिहिलं होतं.