आडाचा दोष

आमच्या घरातले नोकर गेले, बायकांचा गोषा तेवढा राहिला, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं न्हाय. परसातल्या आडाचं पाणी लोखंडी. काढताना नितळ, घटकाभरात तांबडं. त्यात धुतलेली धोतरं पिवळी पडायची, म्हणून मामंजींनी मला धुणं घेऊन ओढ्यावर जाऊ दिलं. तिथं बाया होत्या, वारा होता. पदर घसरला तरी कुणी बोलत न्हवतं.

पण आडाच्या पाण्याचा चहा काळा व्हायचा आणि मामंजी खेकसायचे माझ्यावर. शेवटी ओढ्यावरच्या कुलसुमबीनं सांगितलं तसं केलं. बुडाला भोकं पाडलेले दोन माठ एकावर एक मांडले, एकात कोळसा, एकात वाळू. वरून उंच धार धरून पाणी ओतलं. खालच्या घागरीत आलेलं पाणी दिवसभर तांबडं झालं न्हाय.

मामंजी चहा पिले. खूश झाले.

"सूनबाई, धोतरं बी ह्याच पाण्यात धुवा. आता ओढ्यावर जायचं काम न्हाय."

तवापासनं त्या माठांतली वाळू मीच धुते. न्हाय धुतली तर पाणी परत तांबडं होईल, धुणं परत ओढ्यावर जाईल, ठाऊक हाय मला. पण आता दोष आडाचा न्हाय, माझा निघंल.