तीनशे यार्डांची कोनशिला

मसुदा पहिला

मराठी माउंटन मंडळ, सनीव्हेल
या वळणवाटेचे उद्घाटन
संस्थापक-अध्यक्ष मा. श्री. प्रसन्न कीर्तने
यांच्या शुभहस्ते करण्यात आले.
उपाध्यक्ष : नंदू प्रधान.
सचिव : सुलेखा चित्रे.
विशेष परिश्रम : कुशल मेश्राम.
ऑक्टोबर १९९६

मंडळात चौघे होते. तीन पदाधिकारी आणि एक सदस्य. सदस्य म्हणजे कुशल.

चौघे शनिवारी सायकली गाडीच्या टपावर बांधून तीन तास ड्राइव्ह करत. तिथे डोंगर होता, डोंगरावर सायकलींसाठी आखलेली वाट होती, आणि वाटेच्या उजव्या हाताला संरक्षित रान. वाट रानाच्या कडेकडेने जायची, आत शिरायची नाही. दुसऱ्या मैलावर एक चढ होता. अमेरिकन पोरं तो चढ पेडल मारत चढायची. प्रसन्न कीर्तने तो सायकल ढकलत चढायचे. सायकलीला पुढे शॉकॅब्सॉर्बर होते, हँडलला शिंगं होती, अंगात घट्ट पिवळी जर्सी होती. आणि ढकलत.

‘‘डिझाइन चुकलंय या ट्रेलचं,’’ एका शनिवारी ते धापा टाकत म्हणाले. ‘‘उजवीकडून सपाट जागा आहे ना. तीनशे यार्डांत बायपास होतो.’’

उजवीकडे एक लाकडी पाटी होती.

पाटी

येथून पुढे वाइल्डरनेस.
सायकल, गाडी, चाक असलेली कोणतीही वस्तू
व कोणतेही यंत्र आत नेण्यास मनाई.
वाटा तयार करण्यास मनाई.

कुशलने पाटी मोठ्याने वाचली. सगळी. शेवटची ओळ दोनदा.

‘‘अरे, ते कमर्शियल लोकांसाठी असतं,’’ नंदू म्हणाला.

‘‘आणि आपण काय तोडतोय का काही?’’ सुलेखा म्हणाली. ‘‘फक्त दगड बाजूला. श्रमदान म्हणतात त्याला.’’

तिघं पुढे गेले आणि लगेच सभा झाली. सूचक नंदू, अनुमोदक सुलेखा. सदस्याचं मत विचारलं नाही, कारण सदस्य पाटीजवळ उभा होता आणि पाटी पन्नास फूट मागे राहिली होती.

आता कुशल मेश्राम का खणायला लागला, हे सांगायला हवं.

प्रसन्न कीर्तने चिपच्या कंपनीत मॅनेजर होते आणि कुशल त्यांच्या हाताखाली. कुशलच्या ग्रीन कार्डचे कागद कंपनीतर्फे चालले होते. कंपनीतर्फे म्हणजे प्रत्येक कागदावर तळाला प्रसन्न कीर्तने यांची सही. नोकरी बदलली की रांग पहिल्यापासून. दोन वर्षं रांगेत झाली होती. शेवटचं एक पत्र उरलं होतं.

‘‘सर म्हणू नकोस यार, इथे सगळे इक्वल,’’ पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. मग म्हणाले होते, ‘‘शनिवारी काय करतोस?’’

खणायची वेळ आली तेव्हा फावडं एकच होतं. ‘‘तुला जमेल रे,’’ प्रसन्न म्हणाले. ‘‘तुम्हा लोकांना मेहनतीची सवय असते.’’ आणि क्षणभर थांबून, ‘‘म्हणजे विदर्भातल्या.’’

कुशल नागपूरचा होता. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमटेक होता. फावडं त्याने आयुष्यात पहिल्यांदा धरलं होतं. त्याने खणलं. सहा शनिवार.

‘‘काहून खणता जी तुम्ही?’’ दीक्षाने, त्याच्या बायकोने, हाताच्या फोडांवर मलम लावताना विचारलं.

‘‘पत्रासाठी.’’

‘‘मग घरी आणा ते पत्र. माती काय आणता?’’

मसुदा दुसरा

(सुलेखाची सूचना : नंदूचं नाव माझ्या वर का? काम मी करते.)
(नंदूची सूचना : उपाध्यक्ष वरच असतो. कुठलीही कोनशिला बघा.)
(अध्यक्षांचा निर्णय : दोन्ही नावं एकाच ओळीत, मोठ्या अक्षरांत. त्यासाठी जागा लागेल. शेवटची ओळ काढावी.)

शेवटची ओळ म्हणजे विशेष परिश्रम.

मोकळ्या झालेल्या जागेत सुलेखाने आणखी एक सुधारणा सुचवली. ती एकमताने मंजूर झाली.

मसुदा तिसरा आणि अंतिम

(वरील सर्व, खाली तेच इंग्रजीत, अमेरिकन लोकांनाही कळावं म्हणून. त्याखाली :)
मंडळाचे सदस्य होण्यासाठी फोन करा.
(आणि प्रसन्न कीर्तने यांच्या घरचा नंबर.)

पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वजन चाळीस पौंड. रानात चाकांना मनाई होती, म्हणून कुशलने हातगाडी खालीच ठेवली आणि दगड पाठीवर नेला. एवढा एक कायदा मंडळाने पाळला, तोही फीत कापेपर्यंत.

फीत बांधली, नारळ फोडला. नारळाचं पाणी पाइनच्या मुळाशी गेलं. प्रसन्न अकरा मिनिटं बोलले. निसर्गाशी असलेल्या आपल्या नात्यावर बोलले. मग सायकलवर बसून तीनशे यार्ड गेले, एकदाही न उतरता, आणि परत आले. डोळ्यांत पाणी होतं. फोटो काढला. फोटो कुशलने काढला.

आन्सरिंग मशीन, मंगळवार

बीप.
‘‘हॅलो. मी डोंगरावरच्या रेंजर ऑफिसातून बोलतेय. तुमचा नंबर एका दगडावर मिळाला.’’
बीप.

बुधवारी प्रसन्ननी नंदूला फोन केला. नंदू म्हणाला, त्याला काही माहीत नाही, तो तर पोहे घेऊन आला होता. सुलेखाने मंडळाचा राजीनामा फॅक्स केला, वर मागची तारीख घातली. इतके दिवस ज्यांची नावं दगडावर मावत नव्हती, ते एका रात्रीत दगडाबाहेर गेले.

गुरुवारी प्रसन्ननी कुशलला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

‘‘हे बघ. खणलं कोणी, असं ती बाई विचारणार. खणलंस तू. हे फॅक्ट आहे की नाही?’’

‘‘आहे.’’

‘‘तर तू म्हण, मीच केलं. एक सायटेशन देईल. दंडाची पावती, कागदाचा तुकडा.’’

‘‘ग्रीन कार्डच्या फॉर्मवर तो प्रश्न आहे,’’ कुशल म्हणाला. ‘‘तुम्हाला कधी सायटेशन मिळालंय का. होय किंवा नाही.’’

‘‘माझ्या सिटिझनशिपच्या फॉर्मवर पण आहे रे! माझा इंटरव्ह्यू मार्चमध्ये आहे. तुझं अजून चाललंय, तुला टाइम आहे. मी काय करू?’’ मग आवाज मऊ करून, ‘‘मी बघून घेईन तुझं. तुझं पत्र माझ्याच टेबलावर आहे.’’

ते टेबलावरच होतं. तीन आठवडे. स्टेपलरखाली.

शनिवारी दोघंच रेंजर ऑफिसात गेले. तीन तास. सायकली घेतल्या नव्हत्या. प्रसन्ननी वाटेत शिकवणी घेतली: काय म्हणायचं, किती म्हणायचं, कुठे थांबायचं.

रेंजर बाई पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर दोन माणसांनी ओढायची लांब करवत टांगली होती. रानात त्यांनाही यंत्र चालत नव्हतं, पडलेली झाडं त्या हाताने कापत. दगड टेबलावर होता. सोनेरी अक्षरं त्यांच्याकडे तोंड करून.

‘‘खणलं कोणी?’’ बाईंनी विचारलं.

प्रसन्नच बोलले. इंग्रजीत, फार सुंदर इंग्रजीत. ‘‘हा आमचा एक सदस्य आहे. उत्साही आहे. या देशात नवा आहे. तुमची पाटी त्याला नीट समजली नाही.’’

कुशलने ठरवून आणलं होतं, मान हलवायची. सहा शनिवार खणलेलं त्याला आठवलं नाही, दगडावरून गेलेलं नावही नाही. पण पाटी समजली नाही, हे त्याच्या घशाखाली उतरेना. त्याचे वडील गिरणीतून आल्यावर त्याच्याकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घेत. चूक झाली की पान पहिल्यापासून.

‘‘मला समजली,’’ तो म्हणाला. ‘‘मी ती वाचली. मोठ्याने. यांना ऐकू जाईल अशी. शेवटची ओळ दोनदा.’’

बाईंनी पेन उचललं. ‘‘समजली होती, तरी खणलंत?’’

‘‘हो.’’

‘‘का?’’

‘‘माझ्या कागदांवर यांची सही लागते.’’

बाईंनी खणातून पावतीपुस्तक काढलं. त्यांनी प्रसन्नकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग परत प्रसन्नकडे. त्यांनी दोन सायटेशन लिहिली. पहिलं कुशलला, खणल्याबद्दल. ‘‘माझा इलाज नाही,’’ त्या म्हणाल्या. दुसरं लिहिताना स्पेलिंग विचारावं लागलं नाही. समोर कोरलेलंच होतं.

परतीचे तीन तास प्रसन्ननी रेडिओ मोठा ठेवला. कुशलला उतरवताना फक्त म्हणाले, ‘‘सोमवारी बघतो तुला.’’

दीक्षाने सगळं ऐकलं. रडली नाही. म्हणाली, ‘‘बॅगा माळ्यावरून काढू?’’

‘‘सोमवार होऊ दे.’’

सोमवारी सकाळी केबिनचं दार लागलं, तेव्हा कुशलने डेस्कचा खण रिकामा करून ठेवला होता. प्रसन्न खुर्चीत बसले नव्हते. येरझाऱ्या घालत होते.

‘‘लॉयरशी बोललो,’’ ते म्हणाले. ‘‘तो म्हणतो, एक पत्र लागेल. विटनेसचं. की त्या ट्रेलच्या कामात माझा पार्ट नव्हता. तिथे विटनेस म्हणजे,’’ आवाज खाली आला, ‘‘तूच आहेस रे.’’

कुशल उभाच होता.

‘‘नंदूला विचारा.’’

‘‘नंदू म्हणतो, तो तिथे नव्हताच.’’

‘‘सुलेखाताई?’’

‘‘तिचा राजीनामा मागच्या तारखेचा आहे.’’

कुशल टेबलाजवळ गेला. स्टेपलर उचललं. खालचं पत्र काढून प्रसन्नच्या पुढे ठेवलं, वर पेन ठेवलं.

‘‘आधी तुम्ही,’’ तो म्हणाला.

‘‘ब्लॅकमेल करतोस?’’

‘‘नाही. तुमचं पत्र मी तसंही लिहीन. खरं तेच लिहीन. पण आधी तुम्ही.’’

प्रसन्ननी सही केली. मोठी, शेपटीवाली, कोनशिलेवर शोभली असती अशी. कुशलने ती वाळेपर्यंत पत्र हातात धरलं, घडी केली, खिशात घातलं. माझ्यावर सायटेशन आहे, असं त्याला फॉर्मवर लिहावंच लागणार होतं आणि खाली कारण. कारण त्याला पाठ होतं.

मग तो प्रसन्नच्याच खुर्चीत बसला, कारण कॉम्प्युटर तिथे होता, आणि त्याने टाइप केलं.

‘‘संबंधितांस. श्री. प्रसन्न कीर्तने यांना मी दोन वर्षं जवळून ओळखतो. सदर वाटेच्या कामाच्या सहाही दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हजर होतो. श्री. कीर्तने यांना मी त्या काळात कोणतंही काम करताना पाहिलेलं नाही. आपला, कुशल मेश्राम.’’

प्रसन्ननी ते प्रिंटरवरून उचललं आणि उभ्यानेच दोनदा वाचलं. चेहरा उजळला.

‘‘छान लिहिलंस,’’ ते म्हणाले. ‘‘जरा स्ट्राँग करता येईल का? ‘कधीही’ टाक.’’

कुशलने ‘कधीही’ टाकलं.