माझी हवा कोण काढतं?

काल ओवीच्या आईला झोप लागली नाही, त्याला कारण मी. मी ओवीच्या सायकलचा मागचा टायर बोलतोय. आई रोज सकाळी मला दगडासारखा टणक फुगवते आणि संध्याकाळी मी मऊ होऊन घरी येतो. पुढचा माझा जुळा भाऊ, तोही तसाच. हे कोण करतं ते आज कळलं नाही, तर उद्यापासून सायकल बंद आणि ओवी आईच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जाणार, असं काल जेवताना ठरलं. ओवीने भात तसाच ठेवला.

तसा संशय या घरात माझ्या आधीपासून आहे. कुडाळच्या दुकानात मी खुंटीला टांगलेला होतो. ओवीची आई, प्राजक्ता, आली. तिने एक बारीक, गुळगुळीत टायर दाबून पाहिला, मग एक जाड, खाचाखाचांचा.

"रस्तो कसो आसा?" दुकानदाराने विचारलं.

"अर्धा डांबर, अर्धी खडी."

त्याने मला खाली काढलं. मी मधला. मध्ये सपाट, कडेला खाचा.

"हा खपत नाही म्हणून देताय ना?"

"ताई, तुमका बारीक होयो?"

"नको. पण मधला म्हणजे दोन्हीकडे वाईट, असं तर नाही?"

मला राग आला नाही. मलाही तेच वाटायचं.

माझ्या अंगावर कारखान्यातच एक आकडा उमटवलेला आहे. पासष्ट. प्राजक्ताने चष्मा लावून तो वाचला आणि हवा मोजायचा काटा असलेला पंप आणला. आकड्याआधी बारीक अक्षरांत 'जास्तीत जास्त' असं लिहिलंय, ते मात्र तिने वाचलं नाही. शिकलेली माणसं आकडा दिसला की पुढचं मागचं वाचत नाहीत, असं माझं मत झालंय. पोरगी पाचवीतली, अंगाने काडी. मी मात्र ट्रक उचलायला निघाल्यासारखा फुगलेला.

धामापूरच्या आमच्या वाडीतून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत डांबर आहे. तिथे मी मजेत पळतो. मोरीनंतर तळ्याच्या कडेने उतार, तांबडी माती आणि सुटी खडी. तिथे टणक टायर दगडाला चिकटत नाही, उडतो. पहिल्याच आठवड्यात ओवी तिथे आपटली. फुटलेल्या गुडघ्याचं तिने घरी शाळेतल्या खेळावर ढकललं.

हवा जायला लागल्यावर प्राजक्ताने मला बादलीत बुडवलं. बुडबुडा नाही. हवा भरायच्या वॉलला थुंकी लावून बघितली. तिथेही नाही. दोन्ही टायर एकदम, तेही सारखेच मऊ, म्हणजे हे माणसाचंच काम. मग ती शेजारच्या शेवंतीकाकींकडे गेली. त्यांचा नातू यज्ञेश ओवीच्याच शाळेत आहे.

"काकी, तसं नाही हां, पण यज्ञेश कधी गमतीत..."

शेवंतीकाकी काजू सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमचो यज्ञेश आपल्या सायकलीत हवा भरूचो कंटाळो करता. तो तुज्या चेडवाची काढूक वाकतलो?"

प्राजक्ता कसनुशी हसली. घरी येऊन मात्र माझ्याकडेच बघत राहिली, जणू मीच कुठेतरी वाईट संगतीत आहे.

काढणारा हात मला ठाऊक होता. पण वॉलला भोक असून तोंड नाही. बोलता आलं असतं तर एवढंच म्हणालो असतो, बाई, आकड्यावर विश्वास ठेवतेस तसा कधी अंगठ्यावरही ठेव. रस्ता बदलला की मलाही थोडं बदलू दे.

आज सकाळी प्राजक्ताने मला पासष्टवर नेलं, "मला उशिरा निघायचंय, तू हो पुढे" अशी थाप मारली आणि स्कूटर घेऊन लांबून मागे आली. मोरीपाशी ओवी उतरली. केसातली पिन काढली, वॉलमध्ये दाबली. फुस्स. अंगठ्याने दाबून बघितलं. पुन्हा थोडी. मग पुढच्या टायरपाशी गेली.

"ओवी."

पिन खडीत पडली.

"म्हणजे तूच. आणि मी त्या यज्ञेशला..."

"खाली खडी आसा गो. टणक टायर उडता. मी एकदा पडलंय." तिने आईचा अंगठा धरून माझ्यावर टेकवला. "इतकी पुरे होता."

प्राजक्ताने दाबलं. मी जरासा आत गेलो, परत वर आलो. तिने पुढच्या उताराकडे बघितलं, मग ओवीच्या गुडघ्याकडे. खपली जुनी झाली होती.

माझं म्हणाल तर मध्ये जरा झिजलोय, कडेला ओरखडे आहेत, पण अजून बरेच दिवस टिकेन. उद्या सायकल बंद की चालू, ते तिच्या तोंडावर दिसत नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंस? रोज मी भरते, रोज तू काढतेस."

ओवीने पिन उचलून केसात खोचली.

"तू हवा भरलंस की तुका बरा वाटता, मगे 'ओवी पोचली काय' म्हणान शाळेत बाईंका फोन करणस नाय. म्हणान मोरीपर्यंत तशीच नेतंय."