मेणावरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुने हृदय आहे. स्लॉथ नावाचा प्राणी तुम्ही चित्रात पाहिला असेल. तो फांदीला उलटा लटकतो आणि गोगलगायही पुढे जाईल इतका हळू चालतो. त्याच्या छातीत मी होते. प्राणिसंग्रहालयात तो मेला, पण नख्यांची पकड सुटली नाही. एरवीही तो फारसा हलत नसे. पाला तसाच उरलेला पाहून राखणदाराने काठीने डिवचले, तेव्हा कुठे कळले.

मला कॉलेजच्या संग्रहालयात आणले. तिथे एक नवराबायको कामाला होते. तो बरण्यांत अवयव टिकवणारे स्पिरिट भरी, ती कात्री चालवी. आतले दिसावे म्हणून तिने माझ्या भिंतीला खिडकी पाडली. वर दोन कप्पे, खाली दोन, तुमच्यासारखेच. खालच्या कप्प्यांत झडपांना धरून ठेवणारे केसासारखे दोरे असतात. त्यांतला एकही तिने तुटू दिला नाही.

"अहो, बघा तरी," ती म्हणाली. "एवढंसं काळीज आणि तेही निवांत. तुमच्याच कुळातलं दिसतंय."

"हळू चालतो, पण घरी पोचतो ना?"

"पोचता हो, आमटी गार झाल्यावर!"

मला बरणीत ठेवून, झाकणाला मेण लावून तिने कडेवर अंगठा दाबला. प्रत्येक बरणीवर ती तसे करी. स्पिरिट उडून कमी झाले की तो मेण फोडून भर घाली, आणि ती पुन्हा अंगठा दाबी. मुले यायची, मला पाहून आपल्या छातीवर हात ठेवायची. ते दिवस चांगले होते.

मग ती साध्या तापाने गेली.

तो कामावर येत राहिला. मान खाली घालून एकेक बरणी फोडायची, भरायची, नवे मेण लावायचे. मी शेवटच्या फळीवर होते. माझ्या मेणावर त्याने सुरी टेकवली आणि हात थांबला. बाकीचे सगळे ठसे आपणच फोडून टाकले, हे त्याला तेव्हा उमगले.

संग्रहालय सांभाळायला आलेल्या नव्या बाई म्हणाल्या, "काका, स्पिरिट उतरलंय. वरचे कप्पे उघडे पडलेत."

"भरतो, बाई."

"हे तुम्ही मागेही म्हणालात."

"फोटोत तिचं तोंड आहे हो," तो म्हणाला. "हात एवढाच उरलाय."



माझे वरचे दोन्ही कप्पे आता मनुकेसारखे सुरकुतले आहेत. ते पुन्हा फुगणार नाहीत. स्पिरिट आणखी उतरले की तिने जपलेले दोरे वाळतील आणि तुटतील. तेही तिच्याच हातचे काम आहे, पण हे मला त्याला सांगता येत नाही.

मित्रांनो, हात न लावणे म्हणजे जपणे नव्हे. तुमच्या घरी कोणी असे गप्प बसले असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

स्पिरिटचा डबा फळीखाली आहे. सुरी डब्यावर आहे. माझे झाकण अजून उघडलेले नाही.